वांग, ऊन आणि लेसर



आज आपण चेहऱ्यावरच्या काळ्या डागांबद्दल आणि ते घालवायला निघालेल्या लेसरबद्दल बोलणार आहोत. या डागांना आपल्याकडे वांग म्हणतात. दोन्ही गालांवर, कपाळावर, नाकाच्या दांडीवर, वरच्या ओठाच्या वर तपकिरी किंवा करडे पट्टे उमटतात. ते दुखत नाहीत, खाजत नाहीत. तरीही आरशात पाहिलं की नजर आधी तिथेच जाते. लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच, "अगं, तोंडाला काय झालं तुझ्या?"

सोलापूरच्या उन्हाची ओळख करून द्यायला नको. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तिथेच मुक्काम करतो. शेतात खुरपणारी, बांधकामावर पाट्या वाहणारी, विड्यांचा माल द्यायला कारखान्यापर्यंत चालत जाणारी, दुपारच्या उन्हात मुलाला शाळेतून आणणारी, सगळ्यांच्या वाट्याला हे ऊन येतं. घरात आलं तरी भाकरीच्या चुलीची धग आहेच. ऊन आणि धग दोन्ही वांग वाढवतात.

आता शहरात जागोजागी "लेसरने डाग घालवा, त्वचा तरुण करा" असे फलक दिसतात. बायका विचारतात, "करून घेऊ का?" याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी हे यंत्र कुठून आलं, कुणाची कातडी समोर ठेवून ते बनलं आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर ते नीट चालायला किती वर्षं लागली, ते पाहावं लागतं. म्हणून आजचं भाषण इतिहासाचं आहे. पण तो इतिहास आपल्या चेहऱ्यावरच लिहिलेला आहे.

वांगाची जुनी ओळख

वांग काही आजचा नाही. सुश्रुतसंहितेत त्याला व्यंग म्हटलं आहे. क्षुद्ररोग म्हणजे लहानसहान विकारांच्या यादीत तो येतो. चेहऱ्यावर येणारा, न दुखणारा, पातळ, काळसर डाग असं त्याचं वर्णन आहे. कारण काय दिलं आहे? क्रोध आणि आयास, म्हणजे राग आणि कष्ट. यांनी वात बिघडतो, त्याला पित्ताची जोड मिळते आणि डाग उमटतो. राग गिळून कष्ट उपसणाऱ्या कितीतरी बायांना हे कारण वाचून आपलंच वर्णन वाटेल.

आजचं वैद्यक कारणं वेगळ्या शब्दांत सांगतं: ऊन, उष्णता, घराण्यातला कल, गरोदरपण आणि काहींच्या बाबतीत गर्भनिरोधक गोळ्या. गरोदरपणात आलेला वांग बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप फिका होतो. त्यासाठी घाईने काही करायला नको, ही पहिली गोष्ट गाठीशी बांधून ठेवा.

त्वचेला रंग देणारं द्रव्य म्हणजे मेलॅनिन. ते बनवणाऱ्या पेशी गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात साधारण सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो त्या किती रंग बनवतात यात, आणि रंगाचे कण केवढे व कसे पसरलेले असतात यात. सावळ्या त्वचेत या पेशी जास्त तयारीत असतात. ऊन लागलं, खरचटलं, चटका बसला, मुरूम फुटला की त्या लगेच रंग ओततात. म्हणून आपल्याकडे भाजल्याची जखम बरी होते, पण डाग कित्येक महिने राहतो. पुढची सगळी कथा या एका स्वभावाभोवती फिरते.

प्रकाशाचं हत्यार

१६ मे १९६० रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅलिबू इथल्या प्रयोगशाळेत थिओडोर मेमन या शास्त्रज्ञाने माणकाच्या कांडीतून लाल प्रकाशाचा एक सरळ, घट्ट झोत काढला. तो जगातला पहिला लेसर. साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो आणि त्यात अनेक रंग मिसळलेले असतात. लेसरचा प्रकाश एकाच रंगाचा असतो आणि एकाच दिशेने जातो. त्यामुळे त्याची सगळी ताकद मोहरीएवढ्या जागेवर आणता येते.

अमेरिकेतल्याच सिनसिनाटी शहरात लिऑन गोल्डमन नावाचे त्वचारोगतज्ज्ञ होते. त्यांनी हा लाल झोत त्वचेवर पाडून पाहिला. १९६३ मध्ये त्यांनी लिहिलं की त्वचेतल्या काळ्या गोष्टी, म्हणजे केस आणि काळा रंग, हा प्रकाश जास्त ओढून घेतात आणि तापतात. बाजूची गोरी कातडी त्यामानाने वाचते. डाग घालवणाऱ्या सगळ्या लेसरांचं मूळ या निरीक्षणात आहे.

पण नीट विचार करा. गोऱ्या कातडीवर काळा डाग असेल तर प्रकाशाला आपलं सावज सहज सापडतं. कातडीच सावळी असेल तर? प्रकाशाला डाग आणि कातडी यांत फारसा फरक दिसत नाही. तो दोघांनाही तापवतो. सावळ्या बाईची अडचण अशी पहिल्या दिवसापासूनच या यंत्रात होती.

या गोष्टीत आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला एक माणूसही आहे. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीत झाला. पुण्यातून ते इंजिनिअर झाले, पुढे अमेरिकेत शिकले आणि १९६१ मध्ये तिथल्या बेल प्रयोगशाळेत लागले. १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर जगापुढे ठेवला. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याला रंगाशी देणंघेणं नाही. तो पाणी तापवतो. आपल्या शरीरात पाणीच जास्त, म्हणून हा झोत सुरीसारखा कापतो. शस्त्रक्रियेत तो आजही वापरतात. चामखीळ काढायला, व्रण सपाट करायला आणि त्वचा "तरुण" करायला जे लेसर वापरतात, त्यांत बारामतीच्या या माणसाचा लेसर आघाडीवर आहे.

त्याच १९६४ मध्ये, त्याच बेल प्रयोगशाळेत, एनडी-याग नावाचा आणखी एक लेसर तयार झाला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि त्याच वर्षी मुंबईत तुर्भ्याच्या अणुऊर्जा संस्थेत, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, भारतातला पहिला लेसर बनला. तो अर्धवाहकाचा, विज्ञानाच्या कामाचा होता. त्वचेच्या दवाखान्यांत लेसर सर्रास दिसायला आपल्याकडे पुढे पुष्कळ वर्षं जावी लागली.

१९७५ सालातल्या तीन गोष्टी

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून साजरं झालं. बाईच्या कातडीच्या इतिहासात त्याच वर्षी तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या, आणि तिन्हींचा परिणाम आजपर्यंत टिकून आहे.

पहिली गोष्ट अमेरिकेतली. थॉमस फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञाने त्वचेचे प्रकार ठरवणारं एक मोजमाप मांडलं. उन्हात गेल्यावर तुम्ही लाल होऊन भाजता की हळूहळू काळवंडता, यावरून त्वचेला क्रमांक द्यायचा. सोरायसिस या रोगावर किरणांचा उपचार करताना किती मात्रा द्यायची, ते ठरवायला हे मोजमाप होतं. सुरुवातीला त्यात एक ते चार हे गोऱ्या लोकांचेच प्रकार होते. तपकिरी त्वचेला पाचवा आणि काळ्या त्वचेला सहावा क्रमांक नंतर जोडला गेला. आपण बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्या क्रमांकात बसतो, काही तिसऱ्यात, काही सहाव्यात. म्हणजे जगातल्या कितीतरी लोकांची त्वचा त्या फूटपट्टीवर मागाहून आली. आज लेसरचं यंत्र लावण्याआधी डॉक्टर याच मोजमापाने आकडा ठरवतात.

दुसरी गोष्ट फिलाडेल्फियातली. क्लिगमन आणि विलिस या दोन डॉक्टरांनी तीन औषधांचं एक मलम सांगितलं: रंग कमी करणारं हायड्रोक्विनोन, त्वचेची साल बदलणारं ट्रेटिनॉइन आणि दाह कमी करणारं स्टिरॉइड. वांगावर हे मलम खरोखर काम करतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या आठवड्यांपुरतं ते आजही देतात. याच क्लिगमन यांनी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं त्वचेचे प्रयोग केले होते, आणि त्या कैद्यांत कृष्णवर्णीय पुष्कळ होते. त्याबद्दल पुढे त्यांच्यावर कडक टीका झाली. विज्ञानाने सावळ्या-काळ्या त्वचेचा अभ्यास केलाच नाही असं नाही. पण तो कधीकधी असाही केला, हे स्त्रियांनी जाणून असावं.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली. १९७५ मध्येच भारतात फेअर अँड लव्हली बाजारात आलं. त्याआधी मुंबईच्या पाटणवाला यांचं अफगाण स्नो होतं, पण गोरेपणाला नोकरी आणि लग्न यांच्याशी जोडणाऱ्या जाहिराती घराघरात गेल्या त्या यानंतर. २०२० मध्ये कंपनीने नावातला "फेअर" काढून "ग्लो" केलं. मधली पंचेचाळीस वर्षं कितीतरी सावळ्या मुली आपल्या रंगाला दोष समजून मोठ्या झाल्या. आज दवाखान्यात येणारी बाई "डाग घालवा" म्हणते, तेव्हा काही वेळा तिच्या मनात "मला गोरी करा" असंच असतं. या दोन मागण्या वेगळ्या आहेत. डाग हा उपचाराचा विषय होऊ शकतो. जन्माचा रंग हा आजार नाही, आणि कोणताही लेसर तो कायमचा बदलत नाही.

रंगाऱ्याचं गणित

१९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन अमेरिकन डॉक्टरांनी लेसरचा मुख्य नियम मांडला. सोलापूरच्या माणसाला तो रंगाऱ्याच्या भाषेत चटकन कळेल. कापडावर कोणता रंग बसेल ते धाग्यावर अवलंबून असतं आणि कढईत किती वेळ ठेवायचं यालाही महत्त्व असतं. लेसरचंही तसंच. आपल्याला जे जाळायचं आहे तेच ओढून घेईल असा प्रकाशाचा रंग निवडायचा, आणि झोत इतका क्षणभर पाडायचा की तिथली उष्णता बाजूला पसरायच्या आत काम संपेल. मेलॅनिनचे कण अतिशय बारीक, म्हणून झोतही सेकंदाच्या काही कोट्यंश भागाएवढाच हवा.

हा नियम हाती आल्यावर काही डागांवर लेसरने खरोखर मोठं काम केलं. ओटाचा डाग हे त्याचं उत्तम उदाहरण. डोळ्याभोवती, गालाच्या आणि कपाळाच्या एका बाजूला निळसर-करडा पट्टा असतो. जन्मतः किंवा वयात येताना तो दिसू लागतो. जपानी त्वचारोगतज्ज्ञ मासाओ ओटा यांनी १९३९ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. आशियातल्या लोकांत तो जास्त आढळतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. यातला रंग त्वचेच्या खोल थरात असतो, तिथे मलम पोचत नाही. पूर्वी यावर धड उपाय नव्हता. १९९० नंतर क्षणभराच्या झोताचे लेसर आले आणि काही महिन्यांच्या अंतराने, अनेक बैठकांत, हा डाग पुष्कळ फिका करता येऊ लागला. अर्धा चेहरा पदराने झाकून वावरणाऱ्या मुलींसाठी ही मोठी गोष्ट होती.

गोंदणाचंही तसंच. आपल्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर काजळीने गोंदलेलं असे. ते काळं गोंदण लेसरला सगळ्यात सोपं, कारण काळा रंग प्रकाश भरपूर ओढतो. ते ठेवायचं की काढायचं, हा जिच्या अंगावर आहे तिचा प्रश्न. काढायचं ठरवलं तर सावळ्या त्वचेवर त्यासाठी एनडी-याग लेसरच जास्त सुरक्षित मानतात.

सावळी त्वचा पोळली, मग यंत्र बदललं

मेमनचा माणकाचा लेसर लाल होता. मेलॅनिन लाल प्रकाश चांगलाच ओढून घेतं. १९९० नंतरच्या दशकात अंगावरचे केस काढायला असे लेसर आले. गोऱ्या बायकांवर ते ठीक चालले. सावळ्या त्वचेवर मात्र केसाच्या मुळापर्यंत पोचण्याआधी वरची कातडीच तापायची. फोड यायचे, खपल्या धरायच्या, आणि मग काळे किंवा पांढरे चट्टे महिनोन् महिने राहायचे. त्याच काळात कार्बन डायऑक्साइड लेसरने चेहऱ्याची वरची साल पूर्ण काढून नवी त्वचा आणायची पद्धत जोरात होती. सुरकुत्या कमी होत. पण सावळ्या चेहऱ्यावर सगळी साल काढणं म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशींना एकदम उचकवणं. सुरकुती गेली आणि काळेपणा आला, असे अनुभव डॉक्टरांनी नोंदवले.

यातून शिकून चार सुधारणा झाल्या. पहिली, झोताचा रंग बदलला. प्रकाश लालच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात नेला की मेलॅनिन तो कमी ओढतं आणि तो खोलवर जातो. माणकाचा लेसर ६९४ नॅनोमीटरचा, तर एनडी-यागचा १०६४. म्हणून सावळ्या त्वचेसाठी हाच लेसर पुढे आला. दुसरी, यंत्राला गारवा जोडला: थंड काच, थंड हवा किंवा थंड फवारा, म्हणजे वरची कातडी वाचते. तिसरी, २००४ मध्ये डीटर मॅनस्टाइन, अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रॅक्शनल पद्धत आणली. सगळी साल काढण्याऐवजी चाळणीसारखी बारीक बारीक छिद्रं पाडायची आणि मधली चांगली त्वचा तशीच ठेवायची, म्हणजे ती जखम लवकर भरून काढते. मुरुमांच्या खड्ड्यांवर ही पद्धत आज वापरतात. चौथी सुधारणा यंत्रातली नाही, डॉक्टरच्या वागण्यातली आहे: कमी मात्रा, दोन बैठकींत जास्त अंतर, आणि आधी कानामागे किंवा जबड्याखाली छोट्याशा जागेवर चाचणी. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २००८च्या सुमारास आपल्या त्वचेसाठी लेसरची मार्गदर्शक सूत्रं काढली.

म्हणजे "लेसर सावळ्या त्वचेला चालत नाही" हेही खरं नाही आणि "लेसर सगळ्यांना सारखाच" हेही खरं नाही. आपली त्वचा बघून, मात्रा उतरवून, थांबत थांबत केला तर चालतो. हे थांबणंच शिकायला वैद्यकाला चाळीस वर्षं लागली.

पण वांगाचं काय?

इथे खरी मेख आहे. गोंदण म्हणजे एकदा भरलेला रंग. तो फोडला की परत येत नाही. वांग तसा नाही. वांगात रंग बनवणं चालूच असतं. चादरीवरचा रंग धुऊन काढला आणि माग मात्र तोच रंगीत धागा विणत राहिला, तर पुढची चादर तशीच निघणार. लेसर साठलेला रंग फोडतो, माग बंद करत नाही. उलट मात्रा जास्त झाली तर त्या उष्णतेनेच माग जोरात सुरू होतो.

काही वर्षांपूर्वी पूर्व आशियातून "लेसर टोनिंग" नावाची पद्धत आली. एनडी-याग लेसर अगदी कमी मात्रेत, दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी, पुन्हा पुन्हा फिरवायचा. सुरुवातीला चेहरा उजळलेला दिसतो. पण थांबलं की पुष्कळ बायकांचा वांग परत येतो, हे अभ्यासांत दिसलं. आणि फार वेळा केलं तर काहींच्या चेहऱ्यावर बारीक पांढरे ठिपके पडले. आपल्या समाजात पांढऱ्या डागाला लोक लगेच कोड समजतात. तपकिरी डागाची लाज घालवायला गेलेली बाई पांढऱ्या डागाची भीती घेऊन घरी आली, तर काय मिळवलं? म्हणून आज जाणते डॉक्टर वांगासाठी लेसर हा पहिला उपाय धरत नाहीत. ऊन टाळणं, मलम, गरज पडल्यास गोळ्या, आणि एवढं करूनही भागलं नाही तर निवडक रुग्णांत, जपून, लेसर.

गोळ्यांच्या बाबतीत एका स्त्री शास्त्रज्ञाचं नाव घ्यायला हवं. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ मध्ये ट्रॅनेक्झामिक अॅसिड शोधलं. बाळंतपणात अति रक्तस्रावाने मरणाऱ्या बायका वाचाव्यात, ही उताकोबाईंची तळमळ होती. १९७९ मध्ये जपानमध्येच लक्षात आलं की या औषधाने वांगही फिका होतो. आज ते वांगासाठी दिलं जातं. पण हे रक्त गोठण्याशी संबंधित औषध आहे. पायात किंवा फुप्फुसात गाठ झालेली असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर ते धोक्याचं ठरू शकतं. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून ते आणू नका.

उन्हाबद्दल एक नवी माहिती. २०१० मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट इथे झालेल्या अभ्यासात दिसलं की सावळ्या त्वचेला नुसत्या अतिनील किरणांनीच नव्हे, डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही काळेपणा येतो आणि तो जास्त टिकतो. गोऱ्या त्वचेवर तो परिणाम दिसला नाही. साधं पांढरं सनस्क्रीन हा दिसणारा प्रकाश फारसा अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, मातकट रंगाचं म्हणजे टिंटेड सनस्क्रीन लागतं. ते परवडत नसेल तरी निराश होऊ नका. गाडीवर जाताना आपण बांधतो तो जाड सुती स्कार्फ, डोक्यावरचा पदर, छत्री, यांनी दोन्ही प्रकारचा प्रकाश अडतो.

ट्यूबमधला धोका

लेसर महाग, म्हणून बायका दुकानातून ट्यूब आणतात. तो क्लिगमनचा तिहेरी नुस्खा आपल्याकडे गोरेपणाची क्रीम म्हणून चिठ्ठीशिवाय विकला गेला. त्यातलं स्टिरॉइड पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळवतं. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरूम आणि लव येते, आणि ट्यूब बंद केली की आग होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या बारा केंद्रांच्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी स्टिरॉइड मलमं लावत होते. २०१८ मध्ये सरकारने अशा बऱ्याच मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद करणारा नियम केला. तरी ट्यूब सहज मिळते, हे आपल्याला माहीत आहे. अशा पातळ झालेल्या त्वचेवर लेसर मारणं आणखी धोक्याचं.

दुसरा धोका पाऱ्याचा. आपल्या कायद्याने सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला बंदी आहे. चुकून आला तरी चेहऱ्याच्या क्रीममध्ये दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पण नाव-गाव नसलेल्या डब्यांत तो सापडतो. २०२३च्या सुरुवातीला अकोल्याच्या एकाच घरातल्या तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना अशा क्रीममुळे इजा झाल्याचं मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीतून पुढे आलं. ज्या क्रीमवर घटक छापलेले नाहीत, ती कितीही "आयुर्वेदिक" म्हणून विकली तरी घेऊ नका.

लेसरच्या खुर्चीत बसण्याआधी

पहिलं, डाग कसला आहे ते ठरू द्या. प्रत्येक काळा डाग वांग नसतो. मान आणि काख मखमलीसारखी जाड, काळी झाली असेल तर घासून उपयोग नाही. ती पुष्कळदा शरीरात इन्सुलिन नीट चालत नसल्याची खूण असते. आधी साखर तपासा. कपाळाच्या मध्येच डाग असेल तर कुंकू किंवा टिकली बघा. आपल्या जिल्ह्यातलं पंढरपूर कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. हळदीपासून केलेलं कुंकू वेगळं आणि रासायनिक रंगाचं लालभडक कुंकू वेगळं. त्या रंगांची अॅलर्जी होऊन कपाळ काळं पडतं. टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने पांढरा डागही येतो. कारण बंद केल्याशिवाय लेसर करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

दुसरं, उपचार कोण करतंय ते विचारा. त्वचारोगात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, वैद्यकीय परिषदेकडे नोंद असलेला डॉक्टर हवा. यंत्र कुणीही विकत घेऊ शकतं. सोलापुरात १९६३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या सिव्हिलच्या त्वचारोग विभागात आधी डाग दाखवून घ्या. निदान तर कमी खर्चात होतं.

तिसरं, डॉक्टरांना हे प्रश्न विचारायला लाजू नका: माझ्या त्वचेचा प्रकार कोणता? कोणता लेसर वापरणार? आधी लहान जागेवर चाचणी करून काही आठवडे थांबणार का? किती बैठका, एकूण खर्च किती, आणि डाग परत आला तर पुढे काय? आपणही त्यांना सांगा: गरोदर आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, जखमेचा व्रण फुगतो का, गेल्या महिन्यात उन्हात किती होते, आणि आतापर्यंत कोणत्या ट्यूब लावल्या. त्या ट्यूब पिशवीत घालून सोबतच न्या.

जो या प्रश्नांची उत्तरं देत नाही, पहिल्याच भेटीत पूर्ण पॅकेजचे पैसे मागतो, किंवा "शंभर टक्के कायमचं जाईल" म्हणतो, त्याच्याकडून उठून या. ज्या चुका करत करत वैद्यक सावळी त्वचा ओळखायला शिकलं, त्या पुन्हा आपल्या चेहऱ्यावर करायची परवानगी कुणालाही देऊ नका.

आणि शेवटचं. लग्नकार्यात कुणी "तोंडाला काय झालं?" असं विचारलं तर सांगा, "वांग आहे, उन्हाचा. लागण होत नाही, आणि त्यावर औषध चालू आहे." मग जेवायला बसा. उद्या बाहेर पडताना स्कार्फ तेवढा विसरू नका.